बोंडअळीला हॉल पाहिजे

मिरजेला परत येऊन आठ दिवस झाले. व्हायोलिनच्या पेटीतली अकोल्याची धूळ पुसून झाली, उन्हानं सोललेलं नाकही बरं झालं, राग मात्र जसाच्या तसा आहे. आमचे हे म्हणाले, "एकदाचं लिहून काढ, म्हणजे घरातली भांडी तरी वाचतील." म्हणून लिहायला बसले. मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं व्हायोलिनच्या शिकवण्या घेतल्यावर माणूस एक तर संत होतो, नाहीतर माझ्यासारखा होतो.

ज्यांनी वऱ्हाड पाहिलेलं नाही त्यांनी जरूर जावं. खावं, प्यावं, हिंडावं. माणसं जीव लावतात. पण गाणं-बजावणं करायला जाणार असाल तर मात्र माझं ऐकून मग तिकीट काढा.

अमरावतीत तीन पोरांचा एक बँड आहे. लग्नातला नव्हे. शुभांगी वानखडे गाणी लिहिते आणि गाते, मंगेश गिटार वाजवतो, आणि तौसिफ एका लाकडी खोक्यावर बसून ते खोकंच बडवतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका युवक महोत्सवात मी परीक्षक होते. हे तिघं वऱ्हाडी बोलीत स्वतःची गाणी गाऊन गेले आणि माझ्या शेजारच्या दोन परीक्षकांनी "भाषा फार रांगडी" म्हणून त्यांना हात हलवत परत पाठवलं. मी तेव्हा भांडले, पण दोनास एक पडले. तेव्हापासून शुभांगी मला गाणी पाठवते. या एप्रिलमध्ये तिचा फोन आला, "मॅडम, अमरावती अन् अकोल्याले दोन कार्यक्रम हायेत. एका गाण्याले व्हायोलिनच पाहिजे. येसान काय?" मी म्हटलं, येते.

बँडचं नाव बोंडअळी. कपाशीच्या बोंडात शिरून पीक खाणारी ती गुलाबी कीड. हे असलं नाव का ठेवलं म्हणून मी विचारलं होतं, तर तौसिफ म्हणाला, "कितीबी फवारा मॅडम, मरत नाही." मला नाव आवडलं. याच नावानं पुढे आमचा घात केला.

बडनेरा, गुरुवार

गाडी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला दुपारी पोचली. डब्यातून खाली पाय ठेवला आणि तव्यावर पाऊल पडल्यासारखं झालं. शुभांगी आणि मंगेश त्याची जुनी व्हॅन घेऊन आले होते. व्हॅनचं मागचं दार सुतळीनं बांधलेलं. मंगेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फोन दुरुस्त करतो, दार करत नाही.

जेवायला मंगेशच्या घरी. त्याच्या आईनं पातोडीची भाजी केली होती, म्हणजे बेसनाच्या वड्या लालभडक रश्श्यात. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "वरून सांबार टाकू काय ताई?" मी म्हटलं, नको हो, भाजीवर सांबार कशाला, इडली असती तर गोष्ट वेगळी. सगळे जेवायचे थांबले. मग मंगेश खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर! पुढचे दोन दिवस तौसिफ मला प्रत्येक टपरीवर विचारत होता, "मॅडम, इडली देऊ?"

इथल्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. पहिला दिवस ते माझ्या कानाला खटकलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच शुभांगीला "आलो गं" म्हणाले.

जेवण झाल्यावर शुभांगीनं खरी गोष्ट सांगितली. ती मूळची हिवरखेडची. वडील पुंडलिकराव शेतकरी, कपाशी आणि तुरीचे, आणि गावातल्या भजनी मंडळाचे पुढारी. पोरीला बी.एड. केलं आणि वर दोन वर्षं दिली, गा म्हणाले. ती दोन वर्षं आता संपत आली होती. तेल्हाऱ्याच्या एका शाळेत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता आणि जूनमध्ये तिनं रुजू व्हायचं होतं.

"ते गाण्याच्या विरोधात आहेत का?" मी विचारलं.

"नाही नं! ते म्हनते, गानं वाईट नाही, मीबी गातो. पन माह्या भजनाले देवळात जागा हाये. तुह्या गाण्याले जागा कुठं हाये, ते मले दाखव. दाखवली तं मी शाळेचं नावबी काढत नाही."

"मोबाईलवर ऐकव की."

"ते म्हनते, मोबाईलवरचं गानं म्हंजे फोटोतलं जेवन."

तेव्हा शनिवारी अकोल्याला, संध्याकाळी पाच वाजता, एका ट्रस्टच्या छोट्या हॉलमध्ये बोंडअळीचा स्वतःचा दीड तासाचा कार्यक्रम ठरला होता. पुंडलिकराव भजनी मंडळाला घेऊन येणार होते. शुभांगी स्वतः महिन्यापूर्वी अकोल्याला जाऊन मॅनेजरच्या समोर उभी राहून वहीत लिहून घेऊन आली होती, आणि त्या पानाचा फोटो तिच्या मोबाईलमध्ये होता. फोटोत स्वच्छ अक्षरात शनिवार, ५ वाजता, आणि पुढे बोंडअळी. मी म्हटलं, शाबास, मुलगी तयार आहे. आता कशाची भीती?

अमरावती, शुक्रवार

शुक्रवारचा कार्यक्रम अमरावतीत एका गच्चीवरच्या कॅफेत होता. मालकानं चारला बोलावलं होतं. चारला आम्ही पोचलो तर कॅफेला कुलूप. मंगेशनं फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून ठणठणीत आवाज आला, "येऊन राहिलो ना भाऊ!"

मी जिन्यात डोकावले. कुणी नाही. मागच्या बाजूला पाहून आले. कुणी नाही. मी म्हटलं, अरे, येऊन राहिलेत म्हणतात तर राहिलेत कुठे? तेव्हा मला शिकवण्यात आलं की 'येऊन राहिलो' म्हणजे आलेला आणि राहिलेला नव्हे, तर येतोय, येण्याच्या क्रियेत आहे. ही क्रिया किती चालेल याचं बंधन नाही. सव्वाचारला तो येऊन राहिला होता. पावणेपाचला येऊन राहिला होता. साडेपाचला तो खरोखरच आला, आणि हातात फुग्यांची पिशवी.

"बर्थडे हाये," तो म्हणाला. "एका वर्षाच्या पोराचा. आपलेच लोक हायेत. तुमी गा ना बिनधास्त. मधातच एकदा हॅप्पी बर्थडे म्हना, झालं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला विचारलं, आमचा कार्यक्रम ठरवला होतास की नाही? तो म्हणाला, ठरवला होता. मग हा वाढदिवस कधी ठरला? तो म्हणाला, तोही ठरवला होता. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा कण नाही! आमच्याकडे हॉलवाला 'नाही' म्हणणार असला तर चहा पाजून, चार नातेवाइकांची चौकशी करून, गोड बोलून नाही म्हणतो. इथे सगळ्यांना छाती ठोकून हो म्हणतात आणि मग सगळ्यांना एकाच गच्चीवर उभं करतात.

मी बोलत सुटले. शुभांगी माझी बाही ओढत होती, "जाऊ द्या ना मॅडम. गाऊन घेऊ."

गायलो. पुढे टोप्या घातलेली पोरं धावताहेत, एक आजोबा हातानं 'आवाज कमी' अशी खूण करून फोनवर बोलताहेत, आणि शुभांगी डोळे मिटून गातेय. दुसऱ्या गाण्यात वीज गेली. इन्व्हर्टर सुरू झाला, आम्हीही सुरू झालो. पाच मिनिटांनी मालकानं येऊन आमचा स्पीकर भिंतीतून उपटला. गाण्याच्या मधोमध! का, तर इन्व्हर्टरवर एकच भार चालतो, आणि आइस्क्रीम वितळायला लागलं होतं.

"अहो, गाणं चाललंय!" मी ओरडले.

"गानं वितळत नाही नं मॅडम," तो म्हणाला.

आता यावर माणसानं काय बोलावं? मी बरंच बोलले. वाढदिवसाच्या बाळाची आई बाळाला घेऊन आत गेली, इतकं बोलले. मालक शेवटी म्हणाला, मॅडम, तुमी निरा लाल होऊन राहिल्या, बसा, गिला वडा खा. आणि दही-चटणी घातलेला तो गिला वडा इतका सुरेख होता की मला आणखीनच राग आला. ज्या गावाला वडा असा जमतो त्याला एक प्लग सांभाळता येऊ नये? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे पोरांना नाचता येतं, पण अंगणच कुणी देत नाही.

परतताना व्हॅनमध्ये शुभांगी म्हणाली, "बाबा आज आले असते तं?"

मी म्हटलं, "उद्या मी आहे. कुणी काही बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

हे वाक्य मी मोठ्या अभिमानानं म्हटलं होतं.

अकोला, शनिवार

सकाळी निघून मूर्तिजापूरला थांबलो, झणझणीत तर्री ओतलेला आलूबोंडा खाल्ला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन भेगाळून पडलेली. आमच्या कृष्णाकाठची हिरवळ बघायची सवय असलेल्या डोळ्यांना हे भुंडं वाटतं, पण मंगेश एकेक वावर दाखवून हे कुणाचं, ते कुणाचं असं सांगत होता, आणि त्याला त्यात काय काय दिसत होतं कोण जाणे. जरा वेळ मी राग विसरले होते. तीन वाजता हॉलपाशी पोचलो.

हॉलवर बॅनर. केवढा! फाटकाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि त्यावर हातभर अक्षरांत: बोंडअळीचा.

"अबे, काय बॅनर लावलं बे!" मंगेशनं व्हॅन रस्त्यातच थांबवली. शुभांगीनं तोंडावर हात ठेवला. खरं सांगते, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, अखेर एका गावानं पोरांची कदर केली.

मग पुढची रिक्षा हलली आणि बॅनरचा राहिलेला भाग दिसला. बोंडअळीचा नायनाट! खाली गुलाबी अळीचं म्हशीएवढं चित्र, आणि एका औषध कंपनीचा विक्रेता मेळावा, शनिवार, संध्याकाळी पाच.

तौसिफ म्हणाला, "मॅडम, हे आपल्या विरोधात दिसते."

आत खुर्च्या मांडल्या होत्या, पडदा टांगला होता, दारात औषधाच्या बाटल्यांचा मनोरा. मॅनेजर गावंडेभाऊ टेबलाशी बसून वारा घेत होते. शुभांगीनं त्यांना नमस्कार केला. ते मनापासून हसले. "या या! तुमचे साहेब आत हायेत."

"कोण साहेब?" मी.

"कंपनीचे. तुमचंच हाये नं हे? बोंडअळी?"

घडलं ते असं. आठ दिवसांपूर्वी कंपनीच्या माणसाचा गावंडेभाऊंना फोन आला: शनिवारी पाच वाजता आमचा बोंडअळीचा कार्यक्रम घ्यायचाय, हॉल मिळेल का? गावंडेभाऊंनी वही उघडली. शनिवार, पाच वाजता, बोंडअळी. आधीच लिहिलेलं! त्यांनी सांगितलं, तुमचं तं लिहून हाये, या बिनधास्त.

"अहो, पण ही मुलगी तुमच्यासमोर उभी राहून लिहून घेऊन गेली होती!"

"मले वाटलं कंपनीचीच असन."

"आणि फोन आला तेव्हा वेगळं का नाही लिहिलंत?"

"आता मॅडम," गावंडेभाऊ अगदी समजुतीनं म्हणाले, "एका बोंडअळीले दोनदा कायले लिहू?"

सगळ्या महाराष्ट्रात अशी चूक फक्त इथेच होऊ शकते. दुसरीकडे कुठे बोंडअळी म्हटलं तर माणूस आधी विचारेल तरी, की म्हणजे काय हो? इथे कुणाला विचारायची गरजच पडत नाही. ती प्रत्येकाच्या ओळखीची!

मी कंपनीच्या साहेबाला बाहेर बोलावलं. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, वागायला सभ्य. सभ्य माणसाशी भांडणं फार अवघड जातं. तो म्हणाला, "मॅडम, माझे दीडशे विक्रेते येताहेत. मी काय करू? तुम्ही असं करा ना, सुरुवातीला दोन गाणी म्हणा. स्वागतगीत."

"स्वागतगीत? बोंडअळीनं स्वतःच्या नायनाटाचं स्वागत करायचं?"

तौसिफला हसू आलं, मला नाही. मी तासभर भांडले. साहेबाशी, गावंडेभाऊंशी, ट्रस्टच्या कुणा पदाधिकाऱ्याशी फोनवर, तो म्हणाला, "पाहून राहिलो." मिरजेत एखाद्या छोट्या हॉलचा शिपाईसुद्धा गवयाला आधी विचारतो की तंबोरे लागले का, आणि इथे दोन दिवसांत आमच्यापेक्षा आइस्क्रीम मोठं आणि औषध मोठं! हे सगळं मी मोठ्यानं ऐकवलं. शुभांगी बाजूच्या बाकावर बसून होती. दोनदा उठून माझ्यापाशी आली आणि दोन्ही वेळा मी तिला म्हटलं, तू बस, मी बघते.

साडेचारपर्यंत हॉल भरत आला. आणि तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, आठ जण उतरले. पुढे पुंडलिकराव, उंच, सावळे, खांद्यावर दुपट्टा. शुभांगी बाकावरून उठून व्हरांड्याच्या खांबामागे सरकली. त्यांना ती दिसली नाही. ते आत गेले आणि भरलेला हॉल पाहून जागीच थांबले.

"लय मानूस जमलं बाप्पा!" त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला.

पुंडलिकरावांचा चेहरा तर काय फुलला! ते तिसऱ्या रांगेत बसले, दुपट्टा मांडीवर नीट घडी करून ठेवला. शेजारच्या विक्रेत्याला तो म्हातारा सांगत होता, "आमच्या गावची पोरगी हाये." विक्रेत्यानं मान हलवली. त्याला वाटलं असेल, कंपनीत लागली.

मंगेश कुजबुजला, "शुभे, सांगू नोको. स्वागतगीत म्हणून दोन गाणी म्हनू, खाली उतरू, अन् काकांना म्हनू चला जेवाले. त्यांले वाटन आपलाच प्रोग्राम होता."

मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "हो. तसंच करा." तासभर सत्यासाठी घसा फोडला होता मी, आणि आता एक खोटं समोर आयतं बसलेलं पाहून मला हायसं वाटलं. एकदा बापाचा होकार मिळाला की झालं, पुढचं पुढे.

शुभांगी म्हणाली, "अन् जून महिन्यात परत कोनी उठवलं, तं मंग काय सांगू त्याहिले?" आणि सरळ आत गेली. मी मागोमाग.

ती वडिलांसमोर खाली बसली. "बाबा, हे लोक माह्यासाठी नाही आले. औषध कंपनीचे हायेत. हॉल माह्या नावानं लिहून होता, पन त्यायले देला."

पुंडलिकरावांनी मागे वळून सगळा हॉल एकदा पाहिला. मग दारातला बाटल्यांचा मनोरा पाहिला. चेहरा हळूहळू उतरत गेला. मला ते बघवेना. मी पुढे झाले आणि सगळं सांगायला लागले, वही, फोटो, फोन, साहेब, कालचं आइस्क्रीम. सांगता सांगता दाराकडे बोट करून गावंडेभाऊंना हाका मारायला लागले.

"बाई," पुंडलिकराव म्हणाले, "तुमी उलीशा थांबा."

मी थांबले. म्हणजे मला कुणी असं थांबवलेलं नाही फारसं.

"कालपासून तुमीच भांडून राहिल्या काय?"

"हो," मी म्हटलं. अभिमानानंच.

"मंग हे पोरगी काय करून राहिली?"

शुभांगी खाली बघत म्हणाली, "मी म्हनत होती, जाऊ द्या."

"जाऊ द्या म्हननाऱ्याले कोन जागा देते?" आवाज चढवला नाही त्यांनी. "माह्या भजनाले देवळात जागा हाये म्हनतो मी. तं ते काय देवानं राखून ठेवली? पयल्या वर्षी खांबापाशी बसाले कोपर मारावं लागलं मले. सख्ख्या मामाले मारलं. हे बाई किती दिवस येतीन मिरजेहून तुह्यासाठी भांडाले?"

माझ्या कानशिलात कुणी ठेवून दिली असती तरी इतकं लागलं नसतं. कारण ते खरं होतं. दोन दिवसांत मी त्या पोरीला कुणासमोर तोंड उघडू दिलं नव्हतं. गच्चीवरच्या मालकानं तिचं गाणं बंद केलं, आणि तिचं भांडण मी बंद केलं. 'तू बस, मी बघते!' उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तिथल्या तिथे एका रिकाम्या खुर्चीत बसले.

पुंडलिकरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाच वाजले," म्हणाले, आणि समोर तोंड करून बसले.

शुभांगी उठली. दाराशी जाऊन गावंडेभाऊंच्या टेबलावरची वही उचलली. "अहो ताई, अहो ताई," करत ते मागे. ती सरळ स्टेजवर. साहेब माईक तपासत होता. त्याला वाटलं स्वागतगीत आलं, त्यानं हसून माईक दिला.

"नमस्कार," ती म्हणाली. आवाज कापत होता. "माहं नाव शुभांगी वानखडे. मी हिवरखेडची. बोंडअळी म्हंजे मी." हॉल हसला. ती थांबली, आणि मग तिचा आवाज कापायचा थांबला. "हासू नोका. आमच्या गाण्याच्या बँडचं नाव हाये. हे हॉलची वही. आजचा पाच वाजताचा हॉल एका महिन्याआधी मी माह्या डोयासमोर लिहून घेतला हाये. मॅनेजरभाऊले वाटलं दोनी बोंडअळ्या एकच. साहेबांची चूक नाही, माहीबी नाही. पन हॉल माहा हाये. तं आता साडेसहापर्यंत आमी गातो. ज्याले आयकाचं त्यानं बसा. साडेसहानंतर साहेब आमाले माराचं औषध दाखवतीन, ते आमीबी बसून पाहू."

साहेब लाल झाला. "गावंडे, हे काय आहे?"

सगळा हॉल गावंडेभाऊंकडे बघायला लागला. बिचाऱ्यांनी घाम पुसला, वहीकडे पाहिलं, पुढच्या रांगांकडे पाहिलं. "वहीत तं तिचंच नाव हाये साहेब," म्हणाले.

"होऊ द्या साहेब!" मागून एक जाडजूड विक्रेता ओरडला. "अळी कुठं पयून जाते!"

यावर जो हशा झाला त्यात साहेबाचं काही चाललं नाही.

कार्यक्रम फार चांगला झाला असं मी म्हणणार नाही. स्पीकर कंपनीचा, भाषणापुरता. गिटार त्यातून पत्र्यासारखी ऐकू येत होती. उकाड्यानं माझ्या तारा उतरल्या आणि पहिल्या गाण्यात मी चक्क बेसूर वाजवलं. कुणीतरी चुकून प्रोजेक्टर सुरू केला आणि एक अख्खं गाणं मंगेशच्या शर्टावर ती गुलाबी अळी वळवळत होती. तीसेक माणसं चहाला गेली ती आलीच नाहीत. पण बाकीची बसली. शुभांगीनं 'वावर माहं, नाव त्याचं, धुऱ्यावरती मी उभी' हे गाणं घेतलं, तेव्हा बाटल्यांपाशी उभी असलेली कंपनीची मुलगीसुद्धा आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. धुरा म्हणजे शेताचा बांध. शेतात राबणाऱ्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईचं हे गाणं, आणि व्हायोलिन त्यातच होतं. तेवढं मी सुरात वाजवलं.

पुंडलिकराव एकदाही हलले नाहीत. मांडीवर बोटं मात्र चालू होती.

साडेसहाला आम्ही उतरलो, औषध सुरू झालं. बाहेर व्हरांड्यात पुंडलिकराव लेकीला म्हणाले, "तो डब्यावरचा पोट्टा उलीसा घाई करते. अन् तुहा वरचा सूर बारीक होते." एवढंच. शाळेबद्दल अक्षर नाही, बरं झालं-वाईट झालं नाही. मला पुन्हा राग यायला लागला होता. अहो, एक शब्द बोला की पोरीशी! पण आता माझी तोंड उघडायची छाती नव्हती.

तेवढ्यात गावंडेभाऊ वही घेऊन आले. खजील झाले होते. बाजूला उभ्या शुभांगीला ओलांडून ते थेट पुंडलिकरावांसमोर गेले आणि हात जोडले. "काका, चूक झाली. पुढल्या महिन्यात हॉल देतो, आताच लिहितो. सांगा, कोनत्या दिवशी लिहू? नाव काय टाकू?"

पुंडलिकराव जीपकडे निघाले होते. वळलेसुद्धा नाहीत.

"मले कायले विचारता?" म्हणाले. "जागा तिची हाये. तिले विचारा."